आशय सारखा, संदेश थांबवला

माझ्या भावाने त्या दिवशी सळईने एका माणसाचा जबडा मोडला. त्या माणसाची तसूभरही चूक नव्हती. चूक माझी होती, आणि ती मी भर दुपारी, पंख्याखाली बसून, चहाचे घोट घेत केली होती.

राग मला लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात तो सगळ्यांनाच येतो. आई म्हणायची, तुम्हा दोघांच्या डोक्यावर पातेलं ठेवलं तर गॅस वाचेल. दादाचा राग हातात उतरतो, माझा जिभेवर, एवढाच काय तो फरक.

दादा टॉवर क्रेन चालवायचा. इमारतीशेजारी साठ मीटर उंच लोखंडी मनोरा, वर काचेची केबिन आणि केबिनपुढे लांबच लांब आडवा हात. सकाळी सातला तो शिडीने वर चढायचा तो थेट जेवायच्या सुट्टीत खाली यायचा. खाली मी. साइटच्या ऑफिसात, म्हणजे पत्र्याच्या एका खोलीत, दोन टेबलं, नकाशांचं कपाट आणि जाळी तुटलेला पंखा यांच्या संगतीत. कुठल्या मजल्यावर कोण, काँक्रीटची गाडी कधी, हे सगळं मी लावून द्यायचे. आठ महिन्यांपूर्वी हवामानही माझ्याच गळ्यात पडलं.

त्याआधी वाऱ्याचा निर्णय शिट्टी घ्यायचा. शिट्टी म्हणजे खालून क्रेनला इशारे देणारा माणूस, आठ वर्षं दादाच्याच क्रेनखाली. वय पन्नाशीपुढे, हातात वॉकीटॉकी, पण खरा भरवसा गळ्यातल्या पितळी शिट्टीवर, म्हणून नावही तेच पडलेलं. मनोऱ्याला त्याने एक लाल फडकं बांधून ठेवलं होतं. फडकं आडवं झालं की तो तीनदा शिट्टी फुंकायचा आणि क्रेन थांबायची. आठवड्यातून चार-चार वेळा थांबायची. दादा वरून शिव्या घालायचा. "शेजारणीनं टॉवेल झटकला तरी हा माझं काम थांबवतो," म्हणायचा. केबिनमधला वारा मोजायचा मीटर दोनदा दुरुस्त होऊन तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा साहेब, म्हणजे साइटचे मुख्य इंजिनियर, माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कॉम्प्युटरवर एवढी असतेस, काहीतरी कर."

मी केलं. मला कोड लिहिता येत नाही, आणि या कामाला तो लागतही नाही. पडद्यावर डबे असतात. हवा तो डबा ओढून आणायचा, त्यात काय पाहिजे ते निवडायचं आणि रेघ मारून पुढच्या डब्याला जोडायचा. माझा पहिला डबा दर दहा मिनिटांनी हवामानाच्या सेवेकडून वाऱ्याचे आकडे आणायचा. दुसरा ते आकडे एआयला द्यायचा, आणि एआय त्यावरून साध्या भाषेत दोन वाक्यं लिहायचं. तिसरा डबा ती वाक्यं साइटवरच्या चाळीस फोनांवर धाडायचा. एका संध्याकाळचं काम. पहिला संदेश चाळीस खिशांत एकदम वाजला, तेव्हा मी ऑफिसात एकटीच नाचले होते.

लाल फडकं उतरवलं. भिंतीवर कागद लागला: 'वाऱ्यासाठी क्रेन थांबवायची ती फक्त संदेश आल्यावर.' सही साहेबांची, टाइप माझं. मीटरच्या दुरुस्तीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. शिट्टीने तो कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाला, "बरं बाई. आता आभाळ तुमच्या फोनात." मला त्याचा असा राग आला की मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

तक्रारी लगेच सुरू झाल्या. पहिली काडीची. काडी हा दादाचा जोडीदार. दादा वरून काँक्रीटने भरलेली बादली आणायचा आणि काडी स्लॅबवर उभा राहून तिची दोरी धरून तिला नेमक्या जागी आणायचा. पंधरा वर्षं दोघं एकत्र. दादाने साइट बदलली की काडीनेही बदललीच. अंगाने इतका किरकोळ की दीड टनाची बादली हा कशी वळवतो याचं नव्या माणसांना हसू यायचं. "वारा आला तर आधी तुला बांधायला हवं," असं दादा त्याला रोज म्हणायचा आणि काडी रोज नव्याने हसायचा. तो मला म्हणाला, "ताई, आकडे काय चाटायचेत आम्ही? करायचं काय, तेवढं सांगा." मी एआयला बजावलं: आकडे देऊ नकोस, थोडक्यात लिही, शांतपणे लिही, कुणाला घाबरवू नकोस. काडीला तसाही उपयोग नव्हता. काँक्रीटने फोन खराब होतो म्हणून त्याचा फोन जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, आणि पिशवी मनोऱ्याच्या पायथ्याशी खिळ्याला. "दादाच्या खिशात आला की मला पोचला," म्हणायचा.

दुसरी तक्रार दादाची. घरी, हात धुता धुता. "चिमे, तुझा तो फोन दर दहा मिनिटांनी खिशात गुरगुरतो. वारा आहे, जपून राहा. वारा आहे, जपून राहा. अगं, कळलं! माझे दोन्ही हात लिव्हरवर असतात. एक दिवस त्याच्यापायी बादली घालीन कुणाच्यातरी टाळक्यात. तेच तेच पाठवू नकोस गं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चौथा डबा आणला. एआयने संदेश लिहिला की तो आधीच्या संदेशाशी ताडून बघायचा. दोघांचा आशय सारखा असेल तर पाठवायचा नाही, वेगळा असेल तर पाठवायचा. जुने तीस संदेश घालून तपासलं. तिसांतले चोवीस गळाले. फोन गप्प झाले. दादाने वरून संदेश टाकला, 'जिवंत केलंस.' मी किती खूश झाले काय सांगू. त्या तीस संदेशांत वादळ एकही नव्हतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तो दिवस साधाच होता. नवव्या मजल्याचा स्लॅब भरायचा होता, गाड्या रांगेत, सगळे घाईत. दहा पन्नासला संदेश आला: 'वारा वाढतो आहे. उंचावर काम करणाऱ्यांनी सावध राहावं आणि गरज वाटल्यास काम थांबवावं.' मी वाचला. सगळ्यांनी वाचला. स्लॅब अर्धा भरलेला असताना गरज कुणाला वाटणार? अकराला काही आलं नाही. अकरा दहालाही काही आलं नाही, अकरा वीसलाही नाही.

अकरा वाजून एकवीस मिनिटांनी ऑफिसचा पत्रा किंचाळला. मी चुकीचा शब्द वापरत नाहीये. खिळे उपटले जाताना पत्रा तसाच आवाज करतो. वारा इमारतीच्या पाठीमागून आला, त्यामुळे समोर उभ्या असलेल्या कुणालाच तो येताना दिसला नाही. आधी धूळ आली, मग वाळू, मग प्लायवूडच्या फळ्या. एक फळी उंबऱ्यासमोर पाण्याच्या टाकीवर आपटली आणि टाकी फुटली. खिडकीची काच माझ्या टेबलावर येऊन पडली. त्या फुटक्या खिडकीतून मी वर पाहिलं.

बादली भरलेली होती आणि स्लॅबच्या वर चार हात लोंबत होती. ती इमारतीपासून लांब ओढली गेली, क्षणभर तिकडेच थांबली आणि परत आली. काडीने दोरी सोडायला हवी होती. त्याने सोडली नाही, कारण पंधरा वर्षं त्याचं कामच ती धरून ठेवण्याचं होतं. बादली त्याच्या छातीत बसली. तो मागच्या खांबावर आदळला, तिथून उसळला, आणि बादली दुसऱ्यांदा आली तेव्हा कठड्याच्या बांबूंसकट बाहेर फेकला गेला. नऊ मजले. खाली सळयांचा ढीग होता. आवाज ऐकू आला नाही, वाराच तेवढा होता.

क्रेनचा आडवा हात वाऱ्याने थरथरत होता. असा वारा आला की हाताचा ब्रेक सोडून द्यायचा असतो, म्हणजे तो वाऱ्याच्या दिशेने आपोआप फिरतो. धरून ठेवला तर अख्खा मनोरा कोसळतो. दादाने सोडला. हात गरकन फिरला, बादली दहाव्या मजल्यासाठी वर काढून ठेवलेल्या सळया मोडत, वाकवत गेली, शेवटी दोर तुटला आणि ती रस्त्याकडच्या भिंतीवर पडली. भिंत गेली. वर काचेच्या केबिनमध्ये माझा भाऊ होता आणि केबिन गोल गोल फिरत होती.

मी बाहेर धावले नाही. हे मला आजही खुपतं. मी आधी पडद्याकडे पाहिलं. माझ्या व्यवस्थेत प्रत्येक वेळची नोंद राहते, कुठल्या डब्याने काय केलं त्याची. अकरा दहाची ओळ उघडली. पहिल्या डब्याने आकडा आणला होता: झोत ताशी ब्याण्णव किलोमीटर, येत्या पंधरा मिनिटांत. आमची मर्यादा बहात्तरची. एआयने लिहिलं होतं: 'वारा बराच वाढणार आहे. उंचावर काम करणाऱ्यांनी सावध व्हावं आणि काम थांबवावं.' थोडक्यात, शांतपणे, आकडा न देता, मी शिकवलं होतं तसं. आणि त्याखाली चौथा डबा: 'आशय सारखा. संदेश थांबवला.'

अकरा मिनिटं. बादली खाली ठेवायला तीन लागतात. काडीला स्लॅबवरून उतरायला दोन.

त्या ओळीशेजारी पुसण्याचं बटण असतं, हेही सांगते. माझं बोट त्यावर गेलं होतं. सगळे हेच म्हणणार होते की हवामानाच्या सेवेलाच वारा कळला नाही, वाऱ्यापुढे कोण काय करणार. कुणीही माझ्याकडे बघितलं नसतं. मग बाहेर आरडाओरडा झाला, आणि त्यात दादाचा आवाज होता.

तो त्या वाऱ्यातच शिडीने उतरला होता. तळव्यांची कातडी सोलून निघालेली, गुडघे फाटलेले. उतरून तो आधी सळयांच्या ढिगाकडे गेला. तिथे त्याने काय पाहिलं ते मी लिहिणार नाही. तिथली एक सळई उचलून तो वळला तेव्हा त्याच्यासमोर शिट्टी उभा होता. एका हातात फोन, गळ्यात शिट्टी, चेहरा पांढराफटक.

"फुंकली का नाहीस?" दादा म्हणाला.

"संदेश आला नाही रे."

"फुंकली का नाहीस!"

"तो कागद... भिंतीवरचा... मी वाट बघत होतो. मला वाटत होतं वारा येणार, पण संदेश..."

पहिला फटका फोनवर बसला, फोनबरोबर बोटंही मोडली. दुसरा तोंडावर. हाड मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला. शिट्टी गुडघ्यांवर आला आणि त्याच्या तोंडातून रक्त आणि दात एकदमच चिखलात पडले. "माझ्यावर फुकट शिट्ट्या मारायचास!" दादा ओरडत होता. "आठ वर्षं! फडकं हललं की मारायचास! आजच दातखीळ बसली तुझी?" तिसरा फटका खांद्यावर. मग स्लॅबखालच्या फळ्या ठोकणारे सेंट्रिंगवाले पुढे आले. मला वाटलं, ते अडवतील. त्यांनी लाथा घालायला सुरुवात केली. काडी सगळ्यांचा लाडका होता. मुकादम, जो एरवी उंदीर मारायलाही दुसऱ्याला सांगतो, त्याने शिट्टीचे केस धरून डोकं वर केलं, दादाला नीट मारता यावं म्हणून. साहेब गाडीत बसून काच वर करून फोनवर बोलत होते.

शिट्टी हात जोडत नव्हता. तो फक्त डोकं झाकत होता आणि मोडक्या जबड्याने तेच सांगत होता, "आला नाही, आला नाही."

मी लॅपटॉप उचलला आणि धावले. कुणाच्या पाठीत कोपर मारलं, कुणाच्या दंडाला चावले, आठवत नाही. मी शिट्टीवर आडवी झाले तेव्हा सळई निघालेली होती. ती माझ्या मनगटावर बसली. हाड मोडलं की आधी दुखत नाही, आधी फक्त गरम वाटतं.

"बाजूला हो, चिमे!"

"संदेश होता!" मी ओरडले. "अकरा मिनिटं आधी होता! ब्याण्णवचा झोत, काम थांबवा, सगळं होतं! याला पोचलाच नाही. मी थांबवला! मी!"

लाथा थांबल्या. वारा जसा आला तसाच एकाएकी कमीही झाला होता, त्यामुळे माझा आवाज सगळ्या साइटभर गेला. दादाला कळलं नाही. सळई वरच धरून तो माझ्याकडे बघत राहिला. मी लॅपटॉप चिखलातच उघडला आणि चांगल्या हाताने त्याच्याकडे फिरवला.

"वाच."

तो खाली बसला. सोललेलं बोट ओळीवर ठेवून, एकेक शब्द ओठांनी म्हणत त्याने वाचलं. पडद्यावर रक्ताची रेघ उमटत गेली. शेवटच्या ओळीला तो थांबला. मग परत पहिल्यापासून वाचलं.

"हे कुणी लावलं?"

"मी."

"का?"

उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. माझा राग जिभेवर असतो, म्हटलं ना. त्याने माझं हाड मोडलं होतं, एका निरपराध माणसाला अर्धमेला केला होता, आणि फक्त तीन शब्द बोलले असते तर हिशेब तिथेच मिटला असता. मी त्याच्याकडे बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"सांग ना, का?" तो म्हणाला, पण आवाज बदलला होता. त्याला आठवत होतं. मला दिसलं ते. आधी कपाळाला आठी पडली, मग डोळे माझ्यावरून सरकून कुठेतरी मागे, आमच्या घरातल्या बेसिनपाशी गेले.

"तेच तेच," तो म्हणाला. "तेच तेच पाठवू नकोस."

मी नाही म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं. मला खोटं बोलता आलं असतं, पण मी उशीर केला.

त्याने सळई टाकली, उठला, चार पावलं चालत काँक्रीटच्या खांबापाशी गेला आणि त्यावर डोकं आपटलं. मला वाटलं, तोल गेला. त्याने परत आपटलं. तिसऱ्यांदा खांबावर लाल डाग पडला. सेंट्रिंगवाले जागेवरच उभे. एवढ्या आवेशात लाथा घालणारे पंधरा जण, एकाचाही पाय हलेना. मी उठायला गेले तर हाताने दगा दिला आणि मी तोंडावर पडले.

गेला तो शिट्टी. सरपटत गेला, मोडलेली बोटं पोटाशी धरून, जबडा लोंबत होता तसाच. त्याने मागून दादाच्या पायांना मिठी मारली आणि अंगाचं सगळं ओझं टाकून त्याला खाली ओढलं. दोघे पडले. दादा सुटायला बघत होता, गुद्दे मारत होता, आणि तो म्हातारा प्रत्येक गुद्दा खाऊन त्याला आणखी घट्ट धरत होता. तोंडातून शब्द निघत नव्हते, नुसता घोगरा आवाज. हळूहळू दादाचे हात थकले. मग त्याने शिट्टीच्या छातीत डोकं खुपसलं आणि असा हंबरडा फोडला की मुकादमाने कान झाकले.

बारा वाजायला दहा कमी होते. दहा मिनिटं झाली होती म्हणून पहिल्या डब्याने नवे आकडे आणले. दुसऱ्याने वाक्यं लिहिली. चौथ्याने ती आधीच्या संदेशाशी ताडून पाहिली, आणि या वेळी आशय वेगळा निघाला.

सगळ्यांचे खिसे एकदम वाजले. सवयीने एका सेंट्रिंगवाल्याने फोन काढला आणि, काय वाचतोय हे कळायच्या आत, मोठ्याने वाचला: "वारा ओसरला आहे. काम पुन्हा सुरू करायला हरकत नाही."

बाकीचे फोन दोनदा गुरगुरून गप्प झाले. एकच, संदेश उघडेपर्यंत थांबायचा नाही असा लावलेला, चालू राहिला. मनोऱ्याच्या पायथ्याशी खिळ्याला काडीच्या डब्याची पिशवी होती, फोन आतल्या स्टीलच्या डब्याला चिकटून असावा, त्यामुळे त्याचा आवाज नुसत्या गुरगुरण्यापेक्षा मोठा येत होता. दादाने मान वर केली आणि त्या पिशवीकडे पाहिलं. कुणीही उठून तो बंद केला नाही.